डाव नेमका कुठे मांडला? राज्याराज्यांतल्या ऑनलाइन जुगार-कायद्यांची गोष्ट

१९५०च्या सुमारास मुंबई राज्यात 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे एक साप्ताहिक जोरात खपत असे. ते छापले जाई बंगळूरला, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. त्यात एक शब्दकोडे येई. फी भरायची, कोडे सोडवायचे, फॉर्म पाठवायचा आणि आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले तर रोख बक्षीस मिळवायचे. मुंबई सरकारने अशा बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा १९४८ मध्ये केला होता, पण राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांना त्यातून सूट होती. मग काय होणार ते उघडच होते. १९५२ मध्ये सरकारने ती सूट काढून टाकली आणि भांडण कोर्टात गेले.

कंपनीचे म्हणणे असे : आमचे साप्ताहिक म्हैसूरचे, छपाई म्हैसूरची, बक्षिसाचा निकालही तिथेच लागतो, मुंबईचा कायदा आम्हाला लागतोच कसा? ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले. साप्ताहिक बाहेरचे असले तरी त्याची जाहिरात मुंबईत होते, फॉर्म आणि फी मुंबईत गोळा होते, खेळणारी माणसे मुंबईतली आहेत. या व्यवहाराचा मुंबई राज्याच्या भूमीशी पुरेसा संबंध आहे, म्हणून मुंबईचा कायदा त्याला लागतो. याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट बजावली : जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला 'व्यापार' नव्हेच, त्यामुळे व्यवसायस्वातंत्र्याच्या नावाखाली त्याचा बचाव करता येत नाही.

आता साप्ताहिकाच्या जागी मोबाइलमधले ॲप ठेवा. कंपनी एका राज्यातली, सर्व्हर दुसऱ्या राज्यात किंवा देशाबाहेर, खेळणारा तिसऱ्याच ठिकाणी आणि पैसे भरले यूपीआयने. डाव नेमका कुठे मांडला गेला? भारतातला ऑनलाइन जुगाराचा सगळा कायदेशीर गुंता या प्रश्नाभोवती आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्या एका प्रश्नाभोवती फिरतो. तो दुसरा प्रश्न म्हणजे, मुळात जुगार म्हणायचे कशाला?

जुगार हा राज्यांचा विषय कसा झाला

कोणत्या विषयावर कोणी कायदा करायचा याची वाटणी आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत केली आहे. काही विषय केंद्राचे, काही राज्यांचे, काही दोघांचे. 'पैज आणि जुगार' हा विषय राज्यसूचीत ३४व्या क्रमांकावर आहे. म्हणजे जुगाराला बंदी घालायची, परवाना द्यायचा की डोळेझाक करायची, हे प्रत्येक विधानसभेने आपापले ठरवायचे. घटना लिहिली गेली तेव्हा यात काही गैर नव्हते. पत्त्यांचा फड बसायचा तो कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत. पोलिसांना त्या खोलीचे दार ठोठावता येत असे.

बहुतेक राज्यांचे कायदे तर घटनेच्याही कितीतरी आधीचे आहेत. १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा हा त्यांचा मूळपुरुष. अनेक राज्यांनी तोच किंवा त्याच्या धर्तीवरचा कायदा आजवर चालू ठेवला. या कायद्याचा रोख खेळापेक्षा जागेवर आहे. जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. अड्ड्यावर सापडलेल्याला १०० रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. मुंबई इलाख्याने आपला स्वतंत्र कायदा १८८७ मध्ये केला आणि महाराष्ट्रात आजही तोच, नावातले 'मुंबई' बदलून 'महाराष्ट्र' करून, लागू आहे. छापा, पंचनामा, सोंगट्या-पत्ते जप्त करणे, चटईवरची रोकड मोजणे, असे त्याचे सारे जग. या कायद्यांना मोबाइल पकडता येत नाही तो याच कारणाने. घरात गादीवर पडून एकटाच खेळणारा माणूस 'अड्ड्यावर सापडला' असे म्हणायचे तरी कसे?

हद्दीचा हा पेच मुंबईने फार पूर्वी एका वेगळ्या रूपात पाहिला होता. मटक्याची सुरुवात झाली ती न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर. तिथला उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचा आणि त्यावर इथे पैसे लागायचे. ओपन-क्लोज हे शब्द तिथूनच आले. पुढे आकडे मडक्यातल्या चिठ्ठ्यांवरून काढले जाऊ लागले आणि धंद्याला मटका हे नाव पडले. आकडा सातासमुद्रापार ठरत असला तरी पैसे घेणारा बुकी मात्र गल्लीतला होता. म्हणून पोलिसांचे काम निदान कल्पनेत तरी सोपे होते. ऑनलाइनमध्ये गल्लीतला बुकीच नाहीसा झाला.

कौशल्य की नशीब

१८६७च्या कायद्यात एक छोटे कलम आहे, बारावे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही, एवढेच ते सांगते. १८८७च्या कायद्यातही असे कलम आहे. या एका वाक्यावर पुढे हजारो कोटींचा उद्योग उभा राहिला, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

'निव्वळ कौशल्य' म्हणजे काय? शुद्ध कौशल्याचे खेळ किती? बुद्धिबळ धरा, पण पत्ते हातात घेतले की नशीब आलेच. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ पासून वेगवेगळ्या निकालांत यावर असा तोडगा काढला की, खेळात कौशल्याचा भाग नशिबापेक्षा वरचढ असेल तर तो कौशल्याचा खेळ. १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका क्लबचे प्रकरण आले. तेव्हा न्यायालयाने रमीबद्दल म्हटले की कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे याला अक्कल लागते, त्यामुळे रमी प्रामुख्याने कौशल्याची आहे. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. १९९६ मध्ये चेन्नईच्या घोड्यांच्या शर्यतींबद्दलही असाच निर्णय झाला : घोड्याची वंशावळ, जॉकी, वजन, आधीची कामगिरी यांचा अभ्यास लागतो, म्हणून ती पैज जुगार ठरत नाही. पुढे क्रिकेटमध्ये आपला काल्पनिक संघ निवडून गुण मिळवण्याचा फँटसी प्रकार आला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यालाही कौशल्याचा खेळ मानले.

पोकरच्या बाबतीत तर राज्यांची तोंडे चार दिशांना. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज, रमी आणि पोकर यांना नावानिशी वगळले आहे. गुजरात उच्च न्यायालयाने मात्र २०१७ मध्ये पोकर हा जुगारच आहे असे ठरवले. तोच बावन्न पानांचा जोड, तेच नियम. कोलकात्यात तो खेळ आणि अहमदाबादेत गुन्हा.

कौशल्य की नशीब हा प्रश्न न्यायालयांनी प्रामाणिकपणे सोडवला, पण मोबाइलवरच्या खेळासाठी तो प्रश्नच अपुरा आहे, असे मला मनापासून वाटते. हिशेबाने सांगतो.

समजा, ऑनलाइन रमीच्या एका टेबलावर सहा जण प्रत्येकी १०० रुपये लावतात. जमले ६००. ॲप त्यातले १० टक्के, म्हणजे ६० रुपये, आपले म्हणून कापते आणि जिंकणाऱ्याला ५४० देते. सहाही जण सारखेच तरबेज असतील तर प्रत्येक जण कधी ना कधी जिंकेल. तरी सरासरीने दर डावाला प्रत्येकाचे १० रुपये गेलेच. रात्रभरात ४० डाव झाले तर ४०० रुपये गेले. कुणाचीही चूक नाही, कुणी फसवले नाही, तरी टेबलावरचे पैसे आटत जातात.

आता सहांपैकी एक जण कच्चा आहे असे धरा. खेळ नशिबाचा असता तर त्यालाही इतरांइतकीच संधी होती. खेळ कौशल्याचा असल्यामुळे तो अधिक खात्रीने आणि अधिक वेगाने हरणार. म्हणजे 'हा कौशल्याचा खेळ आहे' या ज्या वाक्याने कंपनीला संरक्षण मिळते, तेच वाक्य नवख्या खेळाडूच्या दृष्टीने धोक्याची पाटी आहे. क्लबात बसणारा माणूस निदान समोरच्याचे चेहरे पाहतो, क्लब बंद झाला की उठतो, खिसा रिकामा झाला की घरी जातो. मोबाइलवर टेबल चोवीस तास उघडे, समोरचा खेळाडू कोण ते ठाऊक नाही आणि खिसा म्हणजे बँकेचे अख्खे खाते. खेळात अक्कल किती लागते हे कायद्याने मोजले. माणूस किती वेगाने किती गमावू शकतो, हे फार काळ कुणी मोजलेच नाही.

एक देश, अनेक नकाशे

२०२५ पर्यंतच्या परिस्थितीत एखाद्या कंपनीने भारताचा नकाशा उघडला तर तिला तो साधारण असा दिसे.

आसाम आणि ओडिशाच्या कायद्यांत कौशल्याच्या खेळांना इतर राज्यांसारखी स्पष्ट सूट नाही, म्हणून पैसे लावून खेळायचे ॲप तिथल्या लोकांना प्रवेश देत नसत. तेलंगणाने २०१७ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती केली आणि पैसे लावले असतील तर कौशल्याचा खेळही जुगारच, अशी भूमिका घेतली. आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये तेच केले.

सिक्कीम उलट दिशेने गेले. २००८ मध्येच त्याने ऑनलाइन जुगाराला परवाना देणारा कायदा केला. अशी वाट धरणारे ते देशातले पहिले राज्य. पण पुढे या खेळांना राज्यातल्या ठरावीक केंद्रांच्या चार भिंतींत, तिथल्याच संगणकांवर, बांधून ठेवले गेले. नागालँडने २०१६ मध्ये तिसरी वाट काढली : जुगाराला बंदी, पण रमी-पोकरसारख्या कौशल्याच्या ऑनलाइन खेळांना परवाना. या परवान्यावर इतर राज्यांतही खेळ चालवता येई, मात्र जिथे असा खेळ जुगार मानला जातो ती राज्ये सोडून. मेघालयाने २०२१ मध्ये नशिबाच्या खेळांनाही परवाना देणारा कायदा केला. लोकांनी आणि तिथल्या चर्चनी कडाडून विरोध केला आणि सरकारला पुढच्याच वर्षी माघार घ्यावी लागली.

गोव्याचे प्रकरण वेगळे. तिथे १९९०च्या दशकात पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला आणि मग मांडवीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंना कायद्यानेच वाट करून दिली गेली. शेजारच्या महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अंमलातच आणला नाही. सत्तेचाळीस वर्षे पुस्तकात पडून राहिलेला तो कायदा २०२३ मध्ये रद्द झाला. ऑनलाइन पैशांच्या खेळांसाठी महाराष्ट्राने वेगळा कायदा केला नाही. १८८७चा कायदा आणि त्यातली कौशल्याची सूट, एवढ्यावरच इथले सगळे चालले.

सर्वांत मोठी झुंज दिली ती तमिळनाडूने. ऑनलाइन रमीत कर्जबाजारी झालेल्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या तिथे एकामागून एक येत होत्या. सरकारने २०२० मध्ये वटहुकूम काढला, २०२१ मध्ये कायदा केला. पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी. ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नव्हे, मग त्याच्यावर संपूर्ण बंदी हे व्यवसायस्वातंत्र्यावरचे अवाजवी बंधन ठरते, असा त्याचा आशय. दोन महिन्यांच्या आतच, सप्टेंबरमध्ये, केरळ सरकारची ऑनलाइन रमीविरुद्धची अधिसूचना तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटकाच्या बंदीचेही तेच झाले. साधारण सहा महिन्यांत तीन राज्ये हरली.

तमिळनाडूने हार मानली नाही. निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, नव्याने विधेयक आणले. राज्यपालांनी ते परत पाठवले. विधानसभेने मार्च २०२३ मध्ये पुन्हा मंजूर केले आणि एप्रिलमध्ये त्याला संमती मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने हा कायदा बऱ्याच अंशी टिकवला, मात्र रमी आणि पोकर यांना नशिबाचे खेळ ठरवून केलेली बंदी काढून टाकली. बंदी नाही, पण नियम घालू शकता. मग राज्याने नियम घातले : मध्यरात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद, खेळाडूची ओळख आधारने पटवायची. जून २०२५ मध्ये न्यायालयाने हे नियम योग्य ठरवले.

ही रात्रीची पाच तासांची बंदी मला फार महत्त्वाची वाटते. खेळ कौशल्याचा की नशिबाचा या वादात न पडता तिने माणसाकडे पाहिले. रात्री तीन वाजता हरलेले पैसे परत मिळवायला आणखी पैसे भरणाऱ्या माणसाला सकाळपर्यंत थांबवायचे, इतकाच तिचा हेतू होता.

ॲपला राज्य कसे कळते

एका राज्यात परवानगी आणि शेजारी बंदी, तर कंपनी ते पाळणार कसे? खेळण्याआधी ॲप फोनचे जीपीएस मागते, इंटरनेटचा पत्ता कुठला ते बघते, पैसे भरताना राज्य विचारते आणि पैसे काढताना पॅन-आधारवरचा पत्ता तपासते. या खुणा जुळल्या नाहीत तर खेळ थांबायला हवा.

आता नांदेडहून निजामाबादला जाणाऱ्या गाडीत बसा. धर्माबाद हे महाराष्ट्राच्या हद्दीतले स्टेशन. गाडी सुटली की पुढे बासर, म्हणजे तेलंगणा. धर्माबादला सुरू केलेला रमीचा डाव बासरला पोचेपर्यंत संपला नसेल, तर २०१७ नंतर काही मिनिटांत तोच डाव, तीच पाने घेऊन, कायदेशीरचा बेकायदेशीर होई. ही कल्पना ताणलेली नाही; सीमेलगतच्या गावांत मोबाइलचा टॉवर बऱ्याचदा शेजारच्या राज्याचा असतो. शिवाय फोनला खोटे ठिकाण सांगणारी साधने सहज मिळतात. राज्याच्या सीमेवर नाका उभारता येतो, पण तो ट्रक अडवण्यासाठी. डेटाला तो दिसतच नाही.

केंद्राचा प्रवेश

केंद्र सरकार या विषयात आधी आले ते कराच्या दारातून. पूर्वी ऑनलाइन कौशल्यखेळ चालवणाऱ्या कंपन्या आपल्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी भरत. वरच्या उदाहरणात ६० रुपयांवर. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर सुरू झाला आणि तिथे कौशल्य-नशीब असा भेद ठेवला नाही. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आधीच कापला जाऊ लागला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती झाली होती. उद्योगाच्या स्वनियमन संस्था स्थापून त्यांनी कोणते खेळ चालतील ते ठरवायचे, अशी योजना होती. अशी एकही संस्था मान्यता मिळून उभी राहिली नाही.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये चित्र तीन दिवसांत बदलले. ऑनलाइन गेमिंगला प्रोत्साहन आणि नियमन असे नाव असलेले विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचा गाभा एका व्याख्येत आहे. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ म्हणजे 'ऑनलाइन मनी गेम', मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. त्याला बंदी. १८६७च्या बाराव्या कलमापासून चालत आलेला भेद ऑनलाइन जगापुरता एका ओळीने पुसला गेला.

असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्याही कक्षेत. ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धात्मक संगणकीय खेळ आणि पैसे न लावता खेळायचे करमणुकीचे खेळ यांना मात्र मोकळीक, उलट प्रोत्साहन. सरकारने दिलेला अंदाज असा होता की सुमारे ४५ कोटी लोकांना पैशांच्या ऑनलाइन खेळांची झळ बसते आणि त्यांचे २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडतात. कायदा होताच मोठ्या ॲपनी पैशांचे खेळ बंद केले. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे फँटसी कंपनीचे नावही गेले.

पण मग घटनेतल्या चौतिसाव्या नोंदीचे काय? जुगार राज्यांचा विषय, तर संसदेने हा कायदा कुठल्या अधिकारात केला? बाजू दोन्हीकडे आहेत. इंटरनेट, दळणवळण, राज्याराज्यांमधला आणि देशाबाहेरचा व्यवहार हे केंद्राचे विषय आहेत; ऑनलाइन खेळ राज्याच्या हद्दीत मावतच नाही, तेव्हा तो केंद्रानेच हाताळला पाहिजे, ही एक बाजू. साधन बदलले म्हणून विषय बदलत नाही, मोबाइलवरचा जुगार हाही जुगारच आणि तो राज्यांकडेच राहतो. शिवाय कौशल्याच्या खेळाला न्यायालयांनी दिलेले संरक्षण एका व्याख्येने काढून घेता येत नाही, ही दुसरी. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत या कायद्याला आव्हान दिले गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे स्वतःकडे घेतली.

या वादातली गंमत नव्हे, खरी अडचण अशी आहे की दोन्ही बाजूंना १९५७च्या शब्दकोड्याचाच आधार घेता येतो. राज्याबाहेरून चालवलेल्या जुगारावर राज्याची सत्ता चालते, हे त्याच निकालाने सांगितले. जुगाराला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, हेही त्याच निकालाने.

देशाबाहेरचे दार

बंदीचा परिणाम आधी होतो तो कायदा पाळणाऱ्या कंपन्यांवर. कुरासाव, माल्टा, सायप्रस अशा ठिकाणचे परवाने दाखवणाऱ्या सट्ट्याच्या साइट भारतात कधीच वैध नव्हत्या, तरी चालत होत्या आणि आहेत. सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली त्यांचे पत्ते बंद करते, आणि नावातले एखादे अक्षर बदलून तीच साइट दुसऱ्या दिवशी उभी राहते. बातम्यांच्या किंवा कपड्यांच्या नावाखाली त्यांच्या आडवळणाने जाहिराती होतात. पैसे भरायला ज्या खात्याचा क्रमांक मिळतो ते खाते बऱ्याचदा कुणा गरजू विद्यार्थ्याचे किंवा मजुराचे, महिन्याला थोडे पैसे देऊन भाड्याने घेतलेले असते. चौकशी सुरू झाली की पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. आपले खाते, सिमकार्ड, एटीएम कार्ड कुणालाही 'वापरायला' देऊ नका, हे घरातल्या तरुणांना आवर्जून सांगायची वेळ आली आहे.

मग आज काय लागू आहे

समोरासमोरचा जुगार, म्हणजे पत्त्यांचे फड, मटका, कॅसिनो, अजूनही राज्यांच्याच कायद्यांखाली येतो. लॉटरी हा तिसराच कप्पा. सरकारी लॉटऱ्या केंद्रसूचीत आहेत, त्यांच्यासाठी १९९८चा केंद्रीय कायदा आहे आणि ज्या राज्याची स्वतःची लॉटरी नाही त्यालाच दुसऱ्या राज्यांच्या लॉटरीला बंदी करता येते. केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली, महाराष्ट्राने १९६९ मध्ये. ज्या राज्यांत जुगार हा गुन्हा आहे त्यांतलीच काही राज्ये स्वतः तिकिटे विकतात.

शेवटी घेण्या-देण्याचा मुद्दा, कारण बहुतेक घरांत भीती त्याचीच असते. १८७२च्या करार कायद्याचे ३०वे कलम सांगते की पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेले पैसे ॲपने दिले नाहीत तर कोर्टात जाऊन मागता येत नाहीत आणि हरलेले पैसे समोरच्यालाही कोर्टातून वसूल करता येत नाहीत. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ पासून आणखी एक कायदा आहे. पैज पुढे नेण्यासाठी केलेले आनुषंगिक करारही त्याखाली निरर्थक ठरतात. सट्ट्याचे 'येणे' वसूल करायला दारात येऊन धमक्या देणाऱ्याच्या हातात कायदा नाही. धमकी हा मात्र गुन्हा आहे.

केंद्राच्या २०२५च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे. त्यामुळे हरलेल्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी गप्प बसण्याचे कारण उरत नाही. तमिळनाडूसारख्या काही राज्यांच्या कायद्यांत खेळणाऱ्यालाही शिक्षेची तरतूद आहे, म्हणून तिथे तक्रार करण्याआधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. फसवून पैसे काढले गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरचे खाते किंवा यूपीआय पत्ता आणि ॲपच्या पडद्याचे फोटो जवळ ठेवा. घाबरून ॲप आधी काढून टाकू नका, पुरावा त्यातच असतो. आणि माणूस खचला असेल, झोपत नसेल, जिवाचे काही बोलत असेल, तर पैशांचा हिशेब नंतर करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.